माझी किडनी आणि त्यांचा संकल्प

आम्ही चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो. माझ्या नवऱ्याचं आमगावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पंपाच्या मोटरी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची, हे काम. काही दिवसांपासून त्यांना बारीक तार धूसर दिसत होती. चाळिशी लागली असेल म्हणून मी थट्टा केली आणि एका सोमवारी गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून पाहिलं. मग दुसऱ्या डोळ्यात, मग परत पहिल्या. म्हणाले, "चष्म्याचं नंतर बघू. यांचं ब्लड प्रेशर कधी कोणी पाहिलं आहे का?" कोणीच पाहिलं नव्हतं. धडधाकट माणसाचं बीपी आमच्याकडे कोण पाहतं? सिस्टरने पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि मशीन बिघडलं समजून दुसरं आणलं. मशीन चांगलं होतं.

त्याच दिवशी रक्त, लघवी आणि सोनोग्राफी झाली. संध्याकाळी एका फिजिशियनने रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं, "दोनों किडनी सिकुड़ गई हैं. आज का नहीं है, बहुत पहले से चल रहा होगा." किडन्या आकसतात हे मला त्या दिवशी कळलं. नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, उद्या दुकान उघडू का? डॉक्टर म्हणाले, उद्या नागपूर.

मी अंगणवाडी सेविका आहे. घरात मी नवऱ्याला नावाने हाक मारत नाही. पण लिहिताना सारखं 'हे' आणि 'यांनी' करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून दिवाकर असंच लिहिते. हे मी लिहिते आहे ते ज्यांच्या घरी असं काही उद्भवलं आहे त्यांच्यासाठी. पैशाची जुळवाजुळव कशी केली ते लिहीत नाही. ते प्रत्येक घराचं वेगळं असतं आणि सांगून कोणाचं जमत नाही.

नागपूरच्या डॉक्टरांना नेफ्रॉलॉजिस्ट म्हणतात, म्हणजे फक्त किडनीचे डॉक्टर. त्यांनी आम्हाला क्रिएटिनिन हा शब्द शिकवला. शरीरात रोज तयार होणारा कचरा किडनी बाहेर टाकते. टाकला गेला नाही तर तो रक्तात साठतो, आणि किती साठला ते क्रिएटिनिनच्या आकड्यावरून कळतं. आकडा वाढला की किडनीचं काम कमी झालं. पुढची काही वर्षं आमच्या घरात पावसाबद्दल आणि धानाच्या भावाबद्दल जेवढं बोलणं झालं नाही, तेवढं या आकड्याबद्दल झालं.

गोळ्यांवर काही महिने गेले, मग डायलिसिस. रक्त बाहेर काढून मशीनमधून धुवायचं आणि परत आत सोडायचं. त्यासाठी आधी हातावर फिस्टुला करतात, म्हणजे दोन रक्तवाहिन्या जोडून एक जाड नस तयार करतात. त्या नसेवर हात ठेवला की आतून थरथर लागते. दिवाकर म्हणाले, चालू मोटरवर हात ठेवल्यासारखं वाटते. आजारात त्यांनी केलेला हा पहिला विनोद. आठवड्यातून दोनदा सकाळची गाडी पकडून नागपूरला जायचं, रात्री परत यायचं. येताना ते एवढे गळून जात की आमगावच्या फलाटावर आधी बाकड्यावर बसावं लागे आणि मगच घरी चालता येई.

डॉक्टरांनी सांगितलं की वय कमी आहे, ट्रान्सप्लांट केलेलं बरं. ट्रान्सप्लांट म्हणजे दुसऱ्याची निरोगी किडनी ऑपरेशन करून बसवणं. सासूबाई लगेच उभ्या राहिल्या, पण त्यांना साखर होती. माझा रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. लग्नाआधी आमची पत्रिका कोणी पाहिली नव्हती, आम्ही बौद्ध, आमच्यात ते नाही. हे जुळणं मात्र डॉक्टरांनी फार बारकाईने तपासलं.

परवानगी देणाऱ्या समितीसमोर मला एकटीला बसवलं. एका साहेबांनी विचारलं, सासरच्यांचा दबाव आहे का. मी सांगितलं, सासू तर नाही म्हणते आहे. तिचं म्हणणं, घरातली दोन्ही कमावती माणसं एकाच दिवशी टेबलावर नको. साहेब हसले. मला हसू आलं नाही, कारण सासूबाईंचं म्हणणं बरोबर होतं. मला भीती वाटत होती. पण डायलिसिसहून परत येणारा माणूस फलाटावर बसलेला मी किती दिवस पाहणार होते?

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मला आत नेलं, मग जाग आली तेव्हा डावी कूस पेटल्यासारखी दुखत होती. त्यांना दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं. माझी किडनी त्यांच्या पोटात खालच्या बाजूला, उजवीकडे बसवली होती. जुन्या दोन्ही आतच राहू देतात, हेही पुष्कळांना माहीत नसतं. सिस्टरने येऊन सांगितलं की तुमची किडनी टेबलावरच चालू झाली, लघवी यायला लागली. तेव्हा मी रडले. आयुष्यात कोणाच्या लघवीसाठी मी एवढी आनंदाने रडेन असं वाटलं नव्हतं.

लोकांना वाटतं ऑपरेशन झालं की संपलं. खरा ताण तिथून पुढे आहे. शरीर नव्या किडनीला परकी समजतं आणि तिच्यावर चालून जातं. याला रिजेक्शन म्हणतात. ते होऊ नये म्हणून इम्युनोसप्रेसंट गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. त्या शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. म्हणजे गोळ्या कमी पडल्या तर किडनी जाण्याची भीती, जास्त झाल्या तर साध्या सर्दीची भीती. दिवाकर या दोन भीतींच्या मध्ये राहायला लागले.

ते दिवसभर थर्मामीटर तोंडात घालून बसत. लघवीचं भांडं उजेडात धरून पाहत. मी शिंकले की दुसऱ्या खोलीत जात. रिपोर्टच्या आदल्या दिवशी जेवण उतरत नसे. हॉस्पिटलच्या बाकावर तसेच आणखी चार-सहा जण मास्क लावून बसलेले असत आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा आकडा जाणून घ्यायचा असे. कोणाचा वाढलेला कळला की सगळा बाक गप्प होई. भीतीने दिवाकरचं बीपी वाढायला लागलं, आणि वाढलेलं बीपी किडनीला वाईट. डॉक्टर म्हणाले, "औषध मी वाढवू शकतो, काळजी कमी करू शकत नाही. आमच्या समुपदेशक मॅडमना भेटा."

मॅडम तरुण होत्या. त्यांनी माइंडफुलनेस मेडिटेशन असा शब्द सांगितला आणि समजावलं. आता, या क्षणी जे आहे त्याच्याकडे लक्ष द्यायचं. चांगलं का वाईट ते ठरवायचं नाही. सुरुवात श्वासापासून. मन रिपोर्टकडे पळालं की त्याला न रागावता परत श्वासावर आणायचं. त्याने भीती जात नाही, पण माणूस भीतीच्या मागे फरफटत जात नाही. आणि हे औषधाच्या ऐवजी नाही, औषधाच्या सोबत आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

दिवाकर म्हणाले, "मॅडम, हे तर आमचं श्वास पाहायचं आनापान आहे." लग्नाआधी ते ध्यानाच्या एका शिबिरात दहा दिवस मौन धरून बसून आले होते, आणि विहारात पौर्णिमेला सगळे बसतात तेव्हा तेही बसत. मॅडमना आनंद झाला. मला मनात वाटलं, चला, म्हणजे डोळे मिटून बसायला आता डॉक्टरची चिठ्ठीही मिळाली. स्वयंपाक, पाणी उकळणं, भांडी उकळत्या पाण्यात धुणं, ते माझ्याकडे.

पण खरं ते सांगितलं पाहिजे. फरक पडला. पहिले काही दिवस ते पाच मिनिटांत उठत आणि थर्मामीटर शोधत. मग बसणं वाढलं. पहाटेची गोळी घेतली की बैठकीच्या खोलीत चटईवर बसत. जेवण परत नीट जाऊ लागलं. झोप येऊ लागली. हॉस्पिटलच्या बाकावर ते शेजाऱ्याचा आकडा विचारायचे बंद झाले आणि एकदोघांना श्वास कसा पाहायचा ते शिकवायलाही लागले. बीपीची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली. कोणी मला विचारलं की ध्यानाने काही होतं का, तर मी होतं म्हणून सांगते.

पुढच्या वर्षी वर्षावास आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने आमच्यात वर्षावासाचे. रोज संध्याकाळी विहारात वंदना आणि ग्रंथवाचन होतं, आणि घरोघरी लोक काही ना काही संकल्प करतात. कोणी तंबाखूचा खर्रा सोडतो, कोणी मटण सोडतो. सासूबाई दरवर्षी भांडण सोडतात आणि आठ दिवसांत परत धरतात. दिवाकरना गर्दीत जायची मनाई होती, म्हणून ते विहारात येऊ शकत नव्हते. त्यांनी घरीच संकल्प केला. तीन महिने रोज तासभर न हलता बसायचं आणि दुखण्याखुपण्याच्या तक्रारीचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही.

मला बरं वाटलं. वर्षभर मी तक्रारीच ऐकत होते. सासूबाईंना तर अभिमान वाटला, त्यांनी विहारात सांगितलं. मग येणारे जाणारे दारातूनच म्हणत, दिवाकरभाऊ किती शांत झाले. त्यांची शांतता गावात नावाजली गेली आणि हळूहळू त्यांना ती जपावी लागली. हे मला आता कळतं, तेव्हा कळलं नव्हतं.

धानाची रोवणी आटोपली होती, पंपाचं काम नव्हतं, दुकान तसंही बंद. ते जास्त बसू लागले, कमी बोलू लागले. मी कसं आहे विचारलं की मान हलवत. जेवण थोडं कमी झालं होतं, पण वर्षावासात पुष्कळ लोक कमी जेवतात. महिन्याची तपासणी पुरामुळे गाड्या बंद असल्याने पुढे ढकलली होती. सगळं कसं ठीक होतं.

एके दिवशी मी अंगणवाडीतून घरी आले तेव्हा ते पायरीवर चप्पल घालत होते. अंगठा आत जाईना. चप्पल त्यांचीच, रोजची. मी खाली बसले आणि पावलावर अंगठा दाबला. आम्हाला कुपोषित मुलं तपासताना हे शिकवतात, दोन्ही पावलांवर दाबून धरायचं आणि सोडायचं. खड्डा राहिला तर अंगात पाणी साठलं आहे. खड्डा राहिला. दोन्ही पावलांवर. मग मी त्यांच्या पोटाला, उजवीकडे खाली, हात लावला. ते बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा आवळला. अंगही जरा गरम लागत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

ते म्हणाले, "आठ-दहा दिस झाले असतीन. मी पाहून राहिलो होतो त्याच्याकडं. येते अन् जाते."

मी त्या वेळी जे बोलले ते विहारात सांगण्यासारखं नाही. सासूबाई मध्ये पडल्या की त्याचा संकल्प आहे, ओरडू नको. मी त्यांच्यावरही ओरडले. ऑटो मिळेपर्यंत मी पिशवी भरत होते आणि औषधाचा डबा हातातून दोनदा पडला. मला दोनच गोष्टी दिसत होत्या. एक तो फलाटावरचा बाक. आणि दुसरी, माझ्या कुशीतली रिकामी जागा. ती किडनी गेली तर मी दुसरी देऊ शकत नव्हते. माझ्याकडे एकच उरली होती.

नागपुरात लगेच भरती केलं. क्रिएटिनिन जवळपास दुप्पट झालं होतं. बायोप्सी केली, म्हणजे सुई घालून किडनीचा एक बारीक तुकडा काढून तपासला. रिजेक्शन होतं. डॉक्टरांनी मिथाइल प्रेडनिसोलोन नावाचं जोरदार स्टेरॉइड तीन दिवस सलाइनमधून द्यायचं ठरवलं. त्याने शरीराचा हल्ला थोपवतात. थोपेल का, विचारलं तर म्हणाले, "लवकर आला असता तर खात्रीने सांगितलं असतं."

तिथे वाट पाहण्याशिवाय काम नसतं. पहिल्या दिवशीच्या सलाइननंतर मी त्यांच्याजवळ स्टुलावर बसले होते. घरून निघतानाचा राग थंड झाला होता, आणि थंड झालेला राग जास्त वाईट असतो.

मी म्हटलं, "गिऱ्हाइकाची मोटर गरम होऊन वास याले लागला तर तुमी का करता? डोळे मिटून पाहत बसता का?"

ते म्हणाले, "बटन बंद करतो."

"मंग? इथं काऊन नाई केलं? तुमी ज्याच्याकडं पाहून राहिले होते ना, ते माह्या आंगातून काढून देल्लं होतं. मले न सांगता तुमी कसे पाहत बसले?"

ते म्हणाले, "शिबिरात गुडघा दुखे. पाहत बसलो की जाय. मले वाटलं हेही जाईन. अन् खरं सांगू का, सांगतलं असतं तर तो थर्मामीटरवाला दिवाकर परत आला असता. मले त्याची लाज वाटे."

मला त्यांची कीव आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एका वेळी असू शकतात, हे ज्यांनी आजारी माणूस सांभाळला आहे त्यांना माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी समुपदेशक मॅडम आल्या. त्यांना सगळं कळलं होतं, त्यांचाही चेहरा उतरला होता. त्यांनी दिवाकरना दोष दिला नाही. म्हणाल्या, "तुम्ही पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलं. कुठे दुखतं, कधी वाढतं, सगळं तुम्हाला माहीत होतं. पण पाहणं अर्धं काम आहे. ट्रान्सप्लांटच्या माणसाने जे दिसलं ते त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं. ती तक्रार नाही, ती बातमी आहे."

दिवाकरनी विचारलं, मग ध्यान सोडू का? त्या म्हणाल्या, नाही, सोडू नका. बसून उठलात की घरच्या एका माणसाला अंगात काय काय आढळलं ते सांगा. बरं का वाईट ते ठरवू नका, ते डॉक्टर ठरवतील. मी शेजारीच होते. मी म्हटलं, मी ऐकेन.

आकडा उतरायला लागला. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी थोडा. पूर्वी होता तिथपर्यंत तो परत कधीच आला नाही. किडनीचा काही भाग कायमचा गेला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "जेवढी उरली तेवढी सांभाळा, पुष्कळ वर्षं चालेल." त्या डॉक्टरांचे, सलाइन लावणाऱ्या सिस्टरचे आणि उतरलेल्या चेहऱ्याने येऊन बसलेल्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. आश्विन पौर्णिमा आली तेव्हा आम्ही घरी होतो. विहारात वर्षावासाची सांगता झाली आणि सासूबाई घरची खीर वाटून आल्या.

त्यानंतर रोज सकाळी हे चालू झालं. ते चटईवरून उठतात, मी चुलीजवळून येते, दोघं समोरासमोर बसतो. ते सांगतात. डावा गुडघा आखडला. पोटात उजवीकडे काही नाही. मन दोनदा रिपोर्टकडे गेलं. आज भीती वाटली, कशाची ते कळलं नाही. सुरुवातीला त्यांना भीती हा शब्द जड जाई. मी काही बोलत नाही, फक्त ऐकते, आणि सूज, ताप, लघवी यातलं काही आलं की त्याच दिवशी फोन करते. दोनदा तसा फोन करावा लागला आणि दोन्ही वेळा काही निघालं नाही. डॉक्टरांनी एकदाही कशाला फोन केला असं म्हटलं नाही.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना मी एवढंच सांगेन. ध्यान शिका, शिकवणारा चांगला असेल तर जरूर शिका. पण घरात कोणी एकदम शांत झालं, तर आधी त्याच्या पावलावर अंगठा दाबून पाहा.

आता ट्रान्सप्लांटला बरीच वर्षं झाली. मागच्या थंडीत एका सकाळी त्यांचं नेहमीसारखं सांगून झालं. फार काही नव्हतं. मी उठायला लागले, कारण अंगणवाडीची वेळ होत होती. त्यांनी मला हाताने परत बसवलं.

"आता तू सांग," ते म्हणाले. "तुह्या आंगात का होऊन राहिलं?"

मी म्हटलं, मले का होते, मी चांगली आहो. ते उठले नाहीत. समोर तसेच बसून राहिले, मी त्यांचं ऐकते तसे. मी काही आढळतं का म्हणून डोळे मिटले. डाव्या कुशीत टाक्याच्या जागी थंडीत ओढ बसते, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. एका किडनीवर मी किती वर्षं जगेन, असा विचार भांडी घासताना येतो, हेही नव्हतं. माझं बीपी शेवटचं कधी मोजलं, ते मला आठवेना. ऑपरेशननंतर मला कसं वाटतं ते कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी चांगली आहो असंच म्हटलं असतं.

मी सांगायला लागले. त्या दिवशी अंगणवाडी उशिरा उघडली.